घोट, घास, घोट: पुण्यात वाइन टेस्टिंगच्या जेवणाला जाताना

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, कॅम्प... पुण्यात वाइन टेस्टिंगची जेवणं आता वरचेवर होतात. स्वरूप साधारण ठरलेलं असतं. चार ते सहा पदार्थ, प्रत्येकाबरोबर वेगळी वाइन, दर वेळी ५० ते ६० मिली. मधूनमधून सोमेलिए, म्हणजे वाइन निवडून देणारा जाणकार, किंवा वायनरीचा माणूस येऊन त्या वाइनबद्दल दोन-चार मिनिटं बोलतो. सगळं मिळून अडीच-तीन तास जातात.

बऱ्याच जणांच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही, कारण वाइन आली की ती संपवतात आणि ताटली आली की ती संपवतात. दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं, ते बघायचं राहूनच जातं. म्हणून एकच क्रम पक्का करून जा: आधी नुसत्या वाइनचा घोट, मग पदार्थाचा घास, मग पुन्हा त्याच वाइनचा घोट. पहिल्या आणि दुसऱ्या घोटात जो फरक पडतो, तोच अनुभवायला आपण तिथे जातो. बाकीच्या सगळ्या सूचना तो फरक नीट कळावा म्हणून आहेत.

बुकिंग करताना

मेनू आणि वाइनची यादी आधी मागवून घ्या. किती वाइन, प्रत्येकी किती मिली आणि कर धरून माणशी किती, हे स्पष्ट विचारा. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल तर ती पार्टी आहे, टेस्टिंग नाही, असं खुशाल समजा.

शाकाहारी असाल तर ‘व्हेज आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘व्हेज पदार्थांसाठी वाइन वेगळी निवडली आहे का’ असं विचारा. पुष्कळ ठिकाणी मटणाच्या जागी पनीर येतं आणि शेजारी मटणासाठी निवडलेली जड शिराझ (एक लाल वाइन) तशीच राहते. पनीरचा बिचाऱ्याचा तिच्यापुढे काही निभाव लागत नाही. कट्टर शाकाहारी असाल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. वाइन नितळ करताना काही वायनरी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून काढलेलं द्रव्य वापरतात, तर काही बेंटोनाइट नावाची माती वापरतात. कुठल्या वाइनला काय वापरलंय हे वायनरीचा माणूस सांगू शकतो, म्हणून प्रश्न आधीच पाठवून ठेवा. शेंगदाणे, काजू, कोळंबी यांची अ‍ॅलर्जी असेल तर तीही तेव्हाच सांगा. दमा असेल तर वाइनमधल्या सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, डॉक्टरांशी बोलून घ्या.

झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं किंवा मेट्रोनिडाझोलसारखं अँटिबायोटिक चालू असेल तरीही आधी डॉक्टरांना विचारायचं. गरोदर असाल तर वाइन नको.

तारीख ठरवताना ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर तर आहेतच, गणेशोत्सवात आणि निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आदेश निघतात. वयाचा पुरावा जवळ ठेवा. महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो. तुमच्याकडे नसेल तर एक दिवसाच्या परवान्याची सोय आहे का, ते आयोजकांना विचारा.

गाडी नेऊ नका, दुचाकीही नाही. पाच वाइन प्रत्येकी ६० मिली म्हणजे ३०० मिली, म्हणजे साध्या दोन ग्लासांएवढी वाइन. १३ टक्क्यांनी धरलं तर त्यात साधारण ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी तर चवीपुरतीच घेतली’ हे मशीनला कळत नाही. कल्याणीनगर किंवा बंडगार्डनच्या बाजूला असाल तर मेट्रो जवळ आहे. शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवा, नाहीतर कॅब.

त्या दिवशी

उपाशी पोटी जाऊ नका. पाचच्या सुमारास दहीभात, उपमा, पोहे असं काहीतरी बेताचं खा. दुपारच्या जेवणात ठेचा, लोणचं आणि झणझणीत मिसळ टाळा. निघण्याआधी तासभर कॉफी, पान, बडीशेप, पेपरमिंट यातलं काही नको, आणि दातही त्याच्या आधीच घासून घ्या. टूथपेस्टनंतर पहिली वाइन हमखास कडू लागते.

अत्तर आणि परफ्यूम घरी ठेवा. मोगऱ्याचा गजराही नको. तुमच्याबरोबर शेजारच्या चौघांना प्रत्येक ग्लासात मोगराच येत राहील. लिपस्टिक किंवा लिप बाम पुसून बसा, कारण ओठांवरचा तेलकटपणा काचेला लागला की स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनचा फेस बसतो.

ग्लास हातात आल्यावर

ग्लास दांड्याला धरायचा. वरचा फुगीर भाग हातात धरला तर हाताच्या उबेने वाइन तापते. तापमानाकडे इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण पुण्यातल्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर, पांढरी वाइन ८ ते १२, रोझे म्हणजे गुलाबी वाइन १० ते १२, हलकी लाल १३ ते १५ आणि जड लाल १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला’ हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. एप्रिलमध्ये आपल्या खोलीत ३२ अंश असतात आणि त्या तापमानाला शिराझमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. लाल वाइन कोमट लागली तर संकोच न करता सांगा, ‘दादा, बाटली दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवता का?’ यात काही गैर नाही, उलट सोमेलिएला बरं वाटतं. उलटही होतं. पांढरी वाइन इतकी गार येते की वासच येत नाही. तेव्हा ग्लासाला दोन्ही तळव्यांनी दोन मिनिटं धरून ठेवा.

मग बघा. पांढऱ्या नॅपकिनवर ग्लास तिरका धरला की कडेचा रंग दिसतो. लाल वाइनची कड जांभळट असेल तर ती कोवळी, विटकरी असेल तर वय झालेली. बाटलीवरचं वर्षही विचारा. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे त्याच वर्षाची पांढरी वाइन वर्षअखेरीच्या टेस्टिंगला ताजी मिळू शकते. सोव्हिनिऑं ब्लाँ किंवा शेनँ ब्लाँ अशी पांढरी वाइन तोडणीपासून दोन वर्षांच्या आतली असेल तर उत्तम. चार वर्षांची साधी पांढरी वाइन कोणी कौतुकाने ओतत असेल तर का, ते विचारायला हरकत नाही.

ग्लास न फिरवता एकदा वास घ्या. मग ग्लासाचा तळ टेबलावरच ठेवून तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या. हवेत फिरवायची हौस करू नका, पहिल्या दिवशी ती शेजाऱ्याच्या शर्टावर जाते. दुसऱ्या वासात जे वाढतं, ते मनातल्या मनात आपल्याच शब्दांत नोंदवा: पेरू, कच्ची कैरी, लिंबाची साल, जांभूळ, मिरी, ओली माती. वाइनच्या यादीत लिहिलेलं ‘गूसबेरी’ तुम्हाला आलं नाही म्हणून काही अडत नाही. पेरू आला ना, मग पेरू लिहा.

घोट लहान घ्या, चमचाभर. पाच-सात सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालांच्या आतली बाजू कोरडी पडून आवळल्यासारखी झाली तर तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. घशात ऊब उतरली तर ते अल्कोहोल. आंबट, तुरट, ऊब आणि गोडी, एवढ्या चार गोष्टी ओळखता आल्या की पुढचं जेवण आपोआप उलगडतं.

थुंकण्याची लाज बाळगू नका. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, आणि नसेल तर कागदी कप मागा. पहिला घोट थुंकायचा, जेवणाबरोबरचा गिळायचा, असं ठेवलं तर शेवटच्या वाइनपर्यंत जीभ शाबूत राहते. प्रत्येक वाइनमागे एक ग्लास पाणी प्या. मध्ये तोंड साफ करायला साधा ब्रेड घ्या, मसाला पापड नको.

पदार्थ आणि वाइन: कशामुळे काय होतं

चवींचं एकमेकांशी काय होतं, हे काही थोड्या नियमांत बसतं आणि ते नियम जवळजवळ कधी चुकत नाहीत.

मीठ आणि आंबट हे वाइनचे मित्र. खारट किंवा लिंबू पिळलेला घास खाल्ल्यावर तीच वाइन मऊ आणि जास्त फळांची लागते. पडताळून बघायचं असेल तर टेबलावरची लिंबाची फोड चाटा, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवा आणि मग घोट घ्या. अर्ध्या मिनिटात होणारा हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करून बघावा. भाषणापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं.

गोड पदार्थ मात्र वाइनला पातळ, आंबट आणि कडू करतो. म्हणून वाइन पदार्थापेक्षा गोड असायला हवी. पुरणपोळीबरोबर कुठलीही कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन उघडू नका. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या गोड द्राक्षांची, शेनँ ब्लाँसुद्धा पुरणापुढे बऱ्याचदा कमी पडते. तिचं खरं जमतं ते गोडीने बेताच्या श्रीखंडाशी, हापूसच्या फोडीशी किंवा खारट चीजशी. डार्क चॉकलेट आणि कोरडी रेड वाइन ही जोडी मेनूंवर सारखी दिसते, आम्हाला ती कधीच पटलेली नाही. दोघांचा कडवटपणा एकमेकांवर चढतो.

तुरट लाल वाइनला चरबी आणि प्रथिनं लागतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मटणाचा घास असेल तर त्याला पकडायला दुसरं काहीतरी मिळतं आणि तुमच्या हिरड्या सुटतात. मटण सुक्क्याबरोबर शिराझ इथे फार छान बसते, आणि त्यात भरड मिरी असेल तर आणखीच. शिराझमधला मिरीचा वास ज्या रोटंडोन या द्रव्याने येतो, तेच द्रव्य काळ्या मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते ओळखलं. त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास आलाच नाही. म्हणजे शेजारी ‘मिरी, मिरी’ म्हणत असेल आणि तुम्हाला काहीच येत नसेल, तर दोघंही खरंच बोलत आहात.

सुरमई, बांगडा, कोळंबी आली की लाल वाइन बाजूला ठेवा. लाल वाइनबरोबर मासा खाल्ल्यावर तोंडात जो उग्र, लोखंडी वास राहतो, त्याचं कारण जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं: वाइनमधलं लोह. लोह जास्त तितका वास जास्त. तव्यावर रव्यात तळलेल्या सुरमईला शेनँ ब्लाँ किंवा ब्रूट (कोरडी) स्पार्कलिंग द्या, वर लिंबू पिळा. तळणीला बुडबुडे नेहमीच चालतात, त्यामुळे साबुदाणा वडा आणि ब्रूट ही जोडीही जमते. वड्याबरोबरची गोड दह्याची चटणी तेवढी दूर ठेवा.

तिखटाचं काय करायचं

आपल्याकडच्या मेनूची हीच खरी अडचण आहे. तिखटाचा जाळ आणि अल्कोहोलची ऊब तोंडातल्या एकाच प्रकारच्या संवेदकांना चेतवतात, त्यामुळे १४ टक्क्यांची रेड तांबड्या रश्श्यावर ओतली की आग दुप्पट होते. टॅनिन वर आणखी खरखर आणतं. फळाचा गंध कुठल्या कुठे जातो आणि माणूस म्हणतो, ‘वाइन काही खास नव्हती.’

तिखट पदार्थाला अल्कोहोल कमी असलेली, गार आणि किंचित गोडसर वाइन हवी. थोडी साखर राखलेली शेनँ ब्लाँ किंवा रीझलिंग, नाहीतर गार रोझे. पांढरा रस्सा त्या मानाने सोपा आहे. नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचा दाटपणा असतो, म्हणून व्हिओनिए ही भरदार पांढरी वाइन त्याच्याशी जमते. भरल्या वांग्यात शेंगदाणा, तीळ, गोडा मसाला आणि गूळ असतो. तिथे जड लाल कॅबरने कडू लागते, पण अकलूजच्या बाजूची सँजिओव्हेजे किंवा थोडी गार केलेली झिनफँडेल अशी लाल वाइन चांगली जाते. ठेच्याला कुठलीच वाइन पुरी पडत नाही. ताटात असला तर शेवटच्या घोटानंतर खा.

एक जोडी सावकाश चाखून बघण्यासारखी आहे: कोथिंबीर वडी आणि सोव्हिनिऑं ब्लाँ. पहिला घोट नुसता घ्या. हिरवा, ढोबळ्या मिरचीच्या जवळचा वास येतो, कारण या वाइनमध्ये आणि ढोबळ्या मिरचीतही मेथॉक्सीपायराझिन नावाची द्रव्यं असतात. आंबटपणा जरा टोकदार वाटतो. आता वडीचा कुरकुरीत कडेचा तुकडा घ्या, नुसता, चटणीशिवाय. बेसनाचा खमंगपणा, तीळ, तेल आणि मीठ तोंडात पसरलं की दुसरा घोट घ्या. वाइनचं टोक बोथट होतं, तिच्यातलं फळ पुढे येतं आणि तेलाचा थर धुऊन जातो. कोथिंबिरीचा हिरवेपणा मात्र गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. मग चटणी लावून तेच पुन्हा करा आणि चटणीतल्या मिरचीने काय बिघडवलं ते बघा.

सगळ्या जोड्या जमतीलच असं नाही. न जमलेली जोडी कळणं हासुद्धा टेस्टिंगचाच भाग आहे. प्रत्येक ताटलीत दोन घास मागे ठेवा आणि आधीच्या ग्लासात थोडी वाइन राखा. पुढचा पदार्थ आला की मागच्या वाइनबरोबर एकदा खाऊन बघा. आयोजकांनी लावलेल्या जोडीपेक्षा कधीकधी ही जास्त जमते.

वाइनच बिघडलेली असेल तर

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला आणि फळ मेलेलं वाटलं तर बुचाचा दोष आहे. तो कितीही फिरवून जात नाही. भारतीय वाइन बऱ्याचदा स्क्रू कॅपच्या असतात, तिथे हा क्वचित भेटतो. काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास मात्र स्क्रू कॅपमध्येही येतो, तो पाच मिनिटं ग्लास फिरवल्यावर बहुधा उडून जातो. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा काळवंडलेला वास, शिजवलेल्या मुरांब्याचा वास: यातलं काही असेल तर बाटली बदलून मागा. शेवटचा दोष आपल्या हवेत जास्त, कारण बाटल्या उन्हात गाडीत किंवा बिनएसीच्या गोदामात पडून राहिलेल्या असतात. बूच मानेतून वर सरकलेलं दिसलं तर संशय घ्याच. सांगताना चारचौघांत जाहीर करायची गरज नाही. हळूच म्हणा, ‘ताई, हा ग्लास एकदा तुम्ही बघता का?’ त्या स्वतः वास घेतील.

लिहून ठेवा, आणि घरी नेताना

मोबाइलवर फोटोबरोबर एक ओळ पुरते. उदाहरणार्थ: ‘शेनँ, आंबट बेताचा, पेरू, सुरमईबरोबर उत्तम, वांग्याबरोबर नाही.’ पाचव्या वाइननंतर लिहू म्हटलं तर पहिलीची चव आठवत नाही, म्हणून जागच्या जागी लिहा.

द्राक्षाबद्दलच जास्त जाणून घ्यायचं असेल तर मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात १९८० च्या दशकातच स्पार्कलिंग वाइन बनायला लागली होती. सोमेलिएला विचारायला हे चांगले विषय आहेत.

आवडलेली बाटली तिथेच विकत मिळत असेल तर बिल आणि परवाना बरोबर ठेवा. दुपारचा कार्यक्रम असेल तर ती न पिणाऱ्या सोबत्याच्या गाडीच्या डिकीत टाकून पुढे खरेदीला जाऊ नका, उन्हात उभ्या गाडीत तासाभरात वाइन शिजते. घरी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, पडली की फुटते. बुचाची असेल तर खालच्या कप्प्यात आडवी, स्क्रू कॅपची कशीही चालते. उघडल्यावर पांढरी आणि लाल, दोन्ही झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांत संपवायच्या. लाल वाइन प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. स्पार्कलिंगला खास झाकण मिळतं, ते असलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत बुडबुडे टिकतात. उरलेली पांढरी वाइन चौथ्या दिवशी कोळंबीच्या रश्श्यात घालता येते. पाव कप पुरते, आणि नारळाचं दूध घालायच्या आधी ती चांगली उकळून घ्यायची, नाहीतर रस्सा आंबट होतो.